हरभऱ्यात चितळ, रोही शिरतात कुठून? आधी वाट शोधा

डिसेंबर लागला की नागपूर जिल्ह्यातल्या रामटेक, पारशिवनी, उमरेड, कुही, भिवापूर या पट्ट्यात जंगलातलं गवत पिवळं पडतं. सोयाबीनची वावरं रिकामी असतात. शिवारात हिरवं उरतं ते ओलिताच्या हरभऱ्याचं आणि गव्हाचं, तेही मोजक्या वावरांत. मग चितळांचा कळप असो की रोही (नीलगाय), रोज तिथंच येणार. पण जनावर चारही धुऱ्यांवरून (बांधांवरून) येत नाही. नाल्याचा उतार, पांदणीचं वळण, झुडपी जंगल वावराला टेकतं तो कोपरा, अशा त्याच्या एक-दोन जागा ठरलेल्या असतात. कुंपणावर पैसा घालण्याआधी आठवडाभर त्या शोधा.

संशय असलेल्या जागी संध्याकाळी दोन हात रुंद पट्टी फावड्यानं सारखी करा, माती भुसभुशीत ठेवा. सकाळी खूर वाचता येतात. चितळाचा ठसा लहान, पुढं टोकदार. रोह्याचा बराच मोठा. रानडुकराच्या ठशामागं ओल्या मातीत दोन्ही बाजूंना आखूड नख्या उमटतात, शिवाय त्यानं माती उकरलेली असतेच. रोही लेंड्या एकाच जागी पुन्हा पुन्हा टाकतो. असा ढीग धुऱ्यालगत दिसला तर त्याचा मुक्काम जवळ आहे.

खाल्लेलं झाडही हातात घेऊन पाहा. चितळ, रोही यांच्या वरच्या जबड्यात पुढचे दात नसतात. ते शेंडा ओढून तोडतात, त्यामुळं टोक फाटलेलं, धागे निघालेलं दिसतं. सशानं खाल्लेली फांदी विळ्यानं तिरपी छाटल्यासारखी असते. नाव रोह्याचं आणि खाऊन जातो ससा, असंही पुष्कळ वावरांत चालतं.

पाहणी उजाडल्यावरच करा, दोघं-तिघं मिळून, बोलत बोलत. पेंच आणि उमरेड-कऱ्हांडला या वाघांच्या जंगलांच्या काठावर चितळांमागं वाघ-बिबट येतो. ठसे बघायला एकट्यानं वाकून बसणं तिथं धोक्याचं. वाघाचा पंजा दिसला तर पाहणी तिथंच थांबवून वनरक्षकाला कळवा.

वाट सापडली की त्या बाजूच्या धुऱ्यावरचं लपण (जनावर लपेल अशी झुडपं, गवत) काढा आणि जागलीचं मचाण तिकडंच बांधा. वावराभोवती बांधलेल्या साड्या, बुजगावणं यांना जनावर लवकर सरावतं. वापरायचंच तर जागा बदलत राहा. पैसा असेल तर सौर कुंपण बरं, डॉ. श्यामाप्रसाद मुखर्जी जन-वन विकास योजनेत तुमचं गाव बसतं का, ते वन कार्यालयात विचारा. तारेत लाइनीचा करंट मात्र कधीच सोडू नका. त्यानं माणसं मेली आहेत, वाघही. फास लावणं किंवा जनावर मारणं हा १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्याखाली गुन्हा आहे.

सगळा जोर फुलोरा ते घाटे भरणे या काळासाठी राखा. सुरुवातीला नुसता शेंडा गेला तर हरभरा फुटवे काढून सावरतो, घाट्यावरचं नुकसान भरून निघत नाही.

नुकसान झालंच तर तीन दिवसांच्या आत वनविभागाकडे अर्ज द्या, सोबत सातबारा लावा. पंचनामा होईपर्यंत त्या तुकड्याला ओलीत करू नका, ठसे पुसले जातात. फोटो काढताना ठशाशेजारी काडेपेटी ठेवा, म्हणजे खुराचा आकार कळतो.