क्विअर झीन आणि पत्रके जपण्याची पद्धत

क्विअर, म्हणजे समलिंगी, पारलिंगी अशा लैंगिक अल्पसंख्याकांच्या, लेखन आणि कला यांतील पुष्कळ काही ग्रंथालयांपर्यंत पोहोचलेच नाही. ते झेरॉक्स काढलेल्या झीनमध्ये, म्हणजे हौशी मंडळींनी स्वतःच काढलेल्या छोट्या मासिकांमध्ये, कार्यक्रमांच्या पत्रकांत आणि खासगी पत्रव्यवहारात राहिले. टोरांटोतून 1985 मध्ये निघू लागलेले ‘जेडीज’ हे झीन असेच हातोहात फिरले आणि पंक संगीताशी नाते सांगणारी क्विअरकोर ही उपसंस्कृती घडवण्यात त्याचा मोठा वाटा होता. असा संग्रह हाती आला, तर तो लगेच नीटनेटका लावू नये. कोणता कागद कशाशेजारी, कोणत्या पाकिटात होता, हे आधी टिपून घ्यावे, कारण तारीख नसलेल्या पत्रकाचा काळ बऱ्याचदा शेजारच्या कागदांवरूनच ठरतो.

गंजलेल्या पिना मागील बाजूने हलकेच सरळ करून काढाव्यात. बांधणीची पिन धड असेल, तर मात्र ती त्या झीनचाच भाग समजून राहू द्यावी. झेरॉक्स प्रती पीव्हीसीच्या पारदर्शक फाइलमध्ये कदापि ठेवू नयेत. त्या प्लास्टिकला मऊपणा देणारी द्रव्ये टोनरची, म्हणजे झेरॉक्सच्या शाईच्या भुकटीची, पकड सैल करतात आणि काही वर्षांनी पान ओढून काढावे, तर अक्षरे प्लास्टिकवर उलटी उमटलेली दिसतात. त्याऐवजी आम्लमुक्त कागदाची पाकिटे वापरावीत. लॅमिनेशन आणि सेलोटेपचे नावही काढू नये. क्रमांक घालायचा तो मऊ पेन्सिलीने, मागच्या कोपऱ्यात.

स्कॅन करताना कोरी पाने आणि समासातले खरडलेले शेरेही घ्यावेत. माझ्या मते छापील मजकुराहून ते कधीकधी अधिक बोलके असतात. स्कॅनची दुसरी प्रत वेगळ्या ठिकाणी ठेवावी. बर्लिनमध्ये 1919 साली समलिंगींच्या हक्कांसाठी झटणारे डॉक्टर माग्नुस हिर्शफेल्ड यांनी उभारलेल्या लैंगिकताविज्ञान संस्थेचे ग्रंथालय मे 1933 मध्ये नाझींनी लुटले आणि त्यातील पुस्तके भर चौकात जाळली. एकाच जागी साठवलेल्या संग्रहाचे असे होऊ शकते.

सर्वाधिक काळजी नावांची घ्यावी लागते. वर्गणीदारांची यादी, पाकिटावरचा पत्ता किंवा पार्टीतला फोटो यांमुळे एखाद्याची ओळख त्याच्या संमतीवाचून उघडी पडू शकते. म्हणून असे कागद वेगळ्या खोक्यात ठेवून सूचीत केवळ त्यांचा प्रकार नोंदवावा आणि इंटरनेटवर ते मुळीच चढवू नयेत. पुढे संग्रह एखाद्या अभिलेखागाराला देताना या खोक्यासाठी स्वतंत्र लेखी अट घालावी, आणि ते किती वर्षे बंद राहील व तोवर कोणाच्या परवानगीने उघडता येईल, हे तीत स्पष्ट लिहावे.