श्रीहरिकोट्याला जाताय? परतीचं तिकीट घाईनं काढू नका

सोलापूरकरांना रॉकेटचं उड्डाण बघायला जाणं तसं सोपं आहे, कारण मुंबई-चेन्नई रेल्वेमार्ग आपल्याच स्टेशनातून जातो. चेन्नईहून लोकल गाडीनं सुळ्ळूरपेटा गाठायचं, तिथून श्रीहरिकोटा जवळच. इस्रोची प्रेक्षक गॅलरी २०१९ पासून सर्वांसाठी खुली आहे. उड्डाणाची तारीख जाहीर झाली की ऑनलाइन नोंदणी सुरू होते, पण जागा पटापट संपतात. मूळ ओळखपत्र जवळ ठेवाच.

खरी गोम तारखेत आहे. हवामान किंवा तांत्रिक अडचणीमुळे उड्डाण ऐनवेळी पुढं ढकललं जातं. म्हणून परतीत एक-दोन दिवस मोकळे ठेवा. ऑक्टोबर ते डिसेंबरात त्या किनाऱ्यावर ईशान्य मोसमी पाऊस असतो; ढग खाली असले तर रॉकेट काही सेकंदांत गडप होतं. सोबत कडक भाकरी आणि शेंगाचटणी असू द्या. मुक्काम वाढला तरी दोन्ही टिकतात!

उड्डाणाच्या क्षणी आधी उजेड दिसतो, आवाज मागून येतो. ध्वनीला एक किलोमीटर यायला साधारण तीन सेकंद लागतात. ज्वाळा दिसताच सेकंद मोजायला लागा, गडगडाट पोचला की आकड्याला तीननं भागा. तुम्ही तळापासून किती किलोमीटरवर आहात ते कळेल. मोबाइल मात्र खिशात ठेवा. व्हिडिओ इस्रोचाच चांगला येतो.