एक क्लस्टर, तीन जिल्हे: यार्नच्या क्यू कशा लावाव्यात

पांझरेकाठच्या फडांवर बंधाऱ्याचं पाणी पाटात येतं, पाटातून चारीत, चारीतून शेतात. चारीचा हिस्सा मोजायचा तो पाटात आलेल्या पाण्यावर, बंधाऱ्यातल्या साठ्यावर नाही. यार्न म्हणजे हदूप या मोठ्या डेटावर काम करणाऱ्या प्रणालीतला, एकत्र जोडलेल्या मशीनची (क्लस्टरची) रॅम जॉबांना वाटून देणारा भाग; ही वाटणी क्यूंमधून, म्हणजे रांगांमधून, होते आणि कुठल्या क्यूला किती ते कपॅसिटी शेड्युलर ठरवतो. त्याचं गणित अगदी हेच आहे, आणि पहिली चूकही इथेच होते.

समजा, जळगाव, धुळे आणि नंदुरबार इथल्या तीन टीम एकच हदूप क्लस्टर वापरतात. १० नोड (मशीन) आहेत, प्रत्येकाची रॅम ६४ जीबी. ऑपरेटिंग सिस्टिम आणि डेटानोडसाठी (डेटा साठवणाऱ्या सेवेसाठी) ८ जीबी सोडले की यार्नच्या हाती नोडमागे ५६, एकूण ५६० जीबी. रूटखाली, म्हणजे सगळ्यात वरच्या क्यूखाली, तीन क्यू करा: जळगाव ५०, धुळे ३०, नंदुरबार २० टक्के. एकाच आईच्या लेकरांची बेरीज बरोबर १०० भरली पाहिजे. आता जळगावखाली ‘नियमित’ ७० आणि ‘प्रयोग’ ३०. हे ३० टक्के जळगावचे, क्लस्टरचे नव्हेत. म्हणजे क्लस्टरच्या १५ टक्के, ८४ जीबी. जॉब टाकता येतो तो फक्त शेवटच्या पातळीवरच्या क्यूत. ‘जळगाव’ला थेट टाकला तर नाकारला जाईल.

दोनच पातळ्या पुरतात. चौथ्या पातळीपर्यंत दर पातळीवर १० टक्केच मिळत गेले की एक धड कंटेनरही (जॉबच्या एका तुकड्याला मिळणारी जागा) बसत नाही.

कपॅसिटी म्हणजे हमी. कमाल किती घेता येईल ते मॅक्झिमम-कपॅसिटी ठरवते. ती दिली नाही तर १०० टक्के धरली जाते. तीसुद्धा वरून खाली गुणत येते: जळगावला ८० आणि प्रयोगला ६० दिलेत तर प्रयोगची कमाल ४८ टक्के, सुमारे २६९ जीबी.

तरीही तक्रार येतेच: क्लस्टर रिकामा आहे, पण माझा जॉब ८४ जीबीच्या वर जात नाही. कारण यूझर-लिमिट-फॅक्टर. त्याची मूळ किंमत १ असते, म्हणजे एकट्या माणसाला क्यूच्या हमीइतकंच मिळणार, कमाल कितीही असो. प्रयोगसाठी तो २ करा. एकाला १६८ जीबीपर्यंत जाता येईल. नियमितमध्ये मात्र १ च राहू द्या, तिथे एकाने पसरणं परवडत नाही.

आता सगळ्यात जास्त भांडणं लावणारा मुद्दा. रात्री धुळ्याची क्यू मोकळी होती म्हणून जळगावने तिचा वाटा उसना घेतला. सकाळी धुळ्याचे जॉब आले. मूळ सेटिंगमध्ये प्रीएम्प्शन (उसनी जागा सक्तीने परत घेणं) बंद असतं, त्यामुळे जळगावचे कंटेनर आपणहून संपतील तेव्हाच धुळ्याला जागा. तासन्‌तास चालणारा स्पार्कचा जॉब असेल तर ‘हमी’ कागदावरच राहते. यार्न-साइट फाइलमध्ये शेड्युलर मॉनिटर चालू करा, म्हणजे प्रीएम्प्शन सुरू होतं. मग उसना कंटेनर घेतलेल्या जॉबला आधी सूचना जाते आणि १५ सेकंदांनंतर तो कंटेनर मारला जातो. एका फेरीत क्लस्टरच्या १० टक्क्यांपर्यंतच परत घेतलं जातं. ज्या क्यूतले जॉब मध्येच तुटणं महागात पडतं, तिच्यापुरतं प्रीएम्प्शन बंद ठेवता येतं. पण अशा क्यूची कमाल हमीच्या जवळच ठेवा. उसनं घ्यायचं आणि परत करायचं नाही, असं दोन्ही चालणार नाही.

जॉब ‘अ‍ॅक्सेप्टेड’वरच (स्वीकारलेले, पण सुरू न झालेले) अडकून बसतात तेव्हा अ‍ॅप्लिकेशन मास्टरची, म्हणजे प्रत्येक जॉबचा कारभार पाहणाऱ्या कंटेनरची, मर्यादा पाहा. ती मुळात १० टक्के असते. प्रयोग हमीपुरतीच चालत असेल तर ८४ चे ८.४ जीबी, मास्टर २ जीबीचा असला की एका वेळी चारच जॉब चालू होतील. छोटे-छोटे जॉब खूप असतील तर ही मर्यादा २० ते ३० टक्के करा, त्याहून जास्त नको. नाहीतर सगळे मास्टर उभे राहतील आणि काम करायला कंटेनर उरणार नाहीत.

मूळ रिसोर्स कॅल्क्युलेटर फक्त मेमरी मोजतो, कोअर नाही. सीपीयू खाणारे जॉब असतील तर डॉमिनंट रिसोर्स कॅल्क्युलेटर लावा.

परवानग्यांचा प्रवाहही वरून खाली असतो, पण इथे आईला असलेला हक्क लेकराला काढून घेता येत नाही. रूटवर मुळात सगळ्यांना मुभा असते. म्हणून नंदुरबारच्या क्यूवर दोनच नावं लिहिली तरी कोणीही जॉब टाकू शकतो. रूटच्या सबमिट आणि अॅडमिनिस्टर (क्यू सांभाळण्याचा हक्क) या दोन्ही याद्यांत नुसती एक मोकळी जागा ठेवा, मग खाली नावं द्या. यार्नचे एसीएल (या परवानगीच्या याद्या) चालू केलेत ना, तेही बघा. ते मुळात बंद असतात.

‘डीफॉल्ट’ क्यू काढून टाकली तर क्यूचं नाव न देता टाकलेले जॉब नाकारले जातील. आमच्या मते हे बरंच, कोण कुणाच्या वाट्यातून खातंय ते तरी दिसतं. फक्त आधी सगळ्यांना सांगा.

क्यूंचे बदल करून झाले की ‘यार्न आरएमअ‍ॅडमिन’ला ‘रिफ्रेशक्यूज’ हा पर्याय द्या. त्यांना रीस्टार्ट लागत नाही, यार्न-साइट फाइलमधल्या बदलांना मात्र लागतो. बेरीज ९५ भरली तर रिफ्रेश फसतो, जुनी मांडणी चालू राहते आणि सगळं ठीक वाटतं. पण चुकीची फाइल डिस्कवर तशीच असते. महिन्याभराने रिसोर्स मॅनेजर (यार्नची मुख्य सेवा) रीस्टार्ट झाला की तो उठतच नाही. म्हणून रिफ्रेश फसला की फाइल तिथल्या तिथे दुरुस्त करा, नाहीतर जुनी प्रत परत ठेवा. क्यू काढायची असेल तर आधी तिची स्थिती ‘स्टॉप्ड’ करून रिफ्रेश करा, चालू जॉब संपू द्या, मगच यादीतून नाव खोडा.