आरोग्यसेवेतील अभ्यासक्रम कसा निवडावा : आधी पहिल्या वर्षाचे विषय वाचा

बारावीचा निकाल लागला आणि नीटचे गुण अपेक्षेपेक्षा कमी पडले, की कोल्हापूर जिल्ह्यातील अनेक घरांत निवड एकेक पायरी खाली सरकत जाते. एमबीबीएस नाही तर आयुर्वेदाची बीएएमएस पदवी, तीही नाही तर फार्मसी किंवा नर्सिंग, आणि काहीच जमले नाही तर लॅबचा डिप्लोमा. ही उतरंडच मुळात चुकीची आहे, कारण यातील प्रत्येक कामाला वेगळा स्वभाव आणि वेगळा अभ्यास लागतो. कागल किंवा गारगोटीकडची जी मुलगी आजारी माणसाशी धीराने बोलू शकते, तिला केवळ जागा मिळाली म्हणून दिवसभर सूक्ष्मदर्शकासमोर बसवण्यात कोणाचेच हित नाही. म्हणून माझे आग्रहाचे सांगणे असे, की महाविद्यालयाचे नाव आणि फी विचारण्याआधी त्या अभ्यासक्रमाच्या पहिल्या वर्षाचे विषय मिळवावेत आणि आईवडिलांसह शांतपणे वाचावेत.

ते वाचताना लगेच लक्षात येते, की शरीररचनाशास्त्र आणि शरीरक्रियाशास्त्र हे विषय जवळपास सगळीकडे आहेत. एमबीबीएसच्या पहिल्या वर्षात त्यांच्या जोडीला जीवरसायनशास्त्र असते. बीएएमएसमध्ये ते रचना शारीर आणि क्रिया शारीर या नावांनी येतात आणि सोबत संस्कृतही शिकावे लागते. हे विषय पाठांतराचे वाटतात, पण ते हाताने शिकायचे असतात. साधी नाडी पाहण्याचे घ्या. मनगटावर अंगठ्याच्या बाजूस असलेली धमनी अंगठ्याशेजारच्या तीन बोटांच्या टोकांनी हलकेच दाबायची आणि घड्याळाकडे पाहत पूर्ण एक मिनिट ठोके मोजायचे. अंगठा लावायचा नाही, कारण त्याच्या स्वतःच्या धमनीचे ठोके जाणवून मोजणी चुकू शकते. धमनी नेमकी कोठे सापडते हे शरीररचना सांगते. विश्रांत प्रौढ व्यक्तीत ठोके साधारण ६० ते १०० का असतात आणि तापात ते का वाढतात, हे शरीरक्रिया सांगते. त्या ठोक्यांची नोंद कशी करायची आणि ते अनियमित लागले तर डॉक्टरांना केव्हा कळवायचे, हे नर्सिंग शिकवते. पहिले वर्ष अशा जोडणीचे असते, आणि ज्याला ती लावण्यात गोडी वाटते त्याला पुढची वर्षे जड जात नाहीत.

बीएस्सी नर्सिंग हा चार वर्षांचा अभ्यासक्रम असून बारावीला भौतिकशास्त्र, रसायनशास्त्र, जीवशास्त्र आणि इंग्रजी हे विषय लागतात. प्रवेशासाठी राज्य सीईटी कक्षाची स्वतंत्र परीक्षा असते. पहिल्या सत्रात शरीररचना, शरीरक्रिया आणि नर्सिंगची मूलतत्त्वे यांच्याबरोबर इंग्रजी संभाषण, समाजशास्त्र व मानसशास्त्र असते, तर दुसऱ्या सत्रात जीवरसायन आणि पोषण व आहारशास्त्र येते. यातील समाजशास्त्राला मुले सर्रास दुय्यम मानतात, ते योग्य नाही. गगनबावड्याच्या एखाद्या वाडीवरून आलेली बाई शस्त्रक्रियेचा निर्णय सासूला किंवा थोरल्या दिरांना विचारल्याशिवाय घेत नाही, तेव्हा तिच्याशी काय बोलावे हे औषधांच्या पुस्तकात मिळत नाही. नर्सिंगमध्ये किमान ८० टक्के हजेरीची अट आहे आणि पदवी मिळण्यापूर्वी प्रात्यक्षिकांची हजेरी पूर्ण भरावी लागते, हे रोज एसटीने दुरून येण्याचा विचार असणाऱ्यांनी आधीच लक्षात घ्यावे. तीन वर्षांचा जीएनएम (सामान्य परिचर्या व प्रसूतिशास्त्र) आणि दोन वर्षांचा एएनएम (सहायक परिचारिका व प्रसाविका) हे स्वतंत्र पदविका मार्ग असून एएनएम कला शाखेच्या विद्यार्थिनींनाही खुला आहे.

फार्मसीकडे वळणाऱ्याने रसायनशास्त्राशी आपले कितपत पटते हे प्रामाणिकपणे तपासावे. बी. फार्म. चार वर्षांचे आहे आणि एमएचटी-सीईटी या राज्याच्या प्रवेश परीक्षेतून त्याला गणित गट किंवा जीवशास्त्र गट, दोन्हींतून जाता येते. बारावीला जीवशास्त्र नसलेल्यांना पहिल्या सत्रात जीवशास्त्राचा आणि गणित नसलेल्यांना गणिताचा पूरक विषय शिकवला जातो, त्यामुळे एक विषय नाही म्हणून घाबरण्याचे कारण नाही. डी. फार्म. दोन वर्षांचे असते आणि त्यानंतर औषध दुकानात किंवा रुग्णालयात ५०० तासांचे प्रशिक्षण पूर्ण करावे लागते.

लॅबच्या कामाला नजर आणि शिस्त लागते. जिवाणूंचा गट ओळखण्यासाठी ग्रॅम पद्धतीने स्लाइड रंगवताना आधी जांभळा रंग, मग आयोडीन, मग अल्कोहोल आणि शेवटी लाल रंग देतात. अल्कोहोल काही क्षण जास्त राहिले, तर जांभळे दिसायला हवेत ते जिवाणू गुलाबी दिसतात आणि अहवाल चुकीचा जातो. हे वाचून उत्सुकता वाटली तर लॅब टेक्नॉलॉजी जरूर घ्यावी, कंटाळा वाटला तर घेऊ नये. फिजिओथेरपीचे प्रवेश आपल्या राज्यात नीटच्या गुणांवर होतात, म्हणून नीटचे कमी गुणही वाया गेले असे समजू नये.

निवडीपूर्वी हे काम प्रत्यक्ष करणाऱ्या दोन-तीन माणसांशी बोलावे. कोल्हापूरच्या छत्रपती प्रमिलाराजे म्हणजे सीपीआर रुग्णालयाच्या बाह्यरुग्ण विभागात जिल्हाभरातून आणि कोकणातूनही रुग्ण येतात. नात्यातील कोणी तेथे उपचारांसाठी जाणार असेल, तर सोबतीला जावे आणि केसपेपर काढण्यापासून औषध घेण्यापर्यंत कोण काय करते हे पाहावे. त्या एका फेरीत माहितीपत्रकापेक्षा अधिक कळते.

यानंतर मान्यता तपासावी, आणि ती संस्थेच्या फलकावरून कधीही तपासू नये. नर्सिंगसाठी भारतीय परिचर्या परिषद व महाराष्ट्र परिचर्या परिषद, फार्मसीसाठी भारतीय औषधनिर्माण परिषद, आणि आरोग्यशास्त्राच्या पदव्यांसाठी नाशिकचे महाराष्ट्र आरोग्य विज्ञान विद्यापीठ किंवा मान्यताप्राप्त अभिमत विद्यापीठ यांच्या याद्यांत महाविद्यालयाचे नाव त्या वर्षासाठी आहे का, हे पाहावे. लॅब व इतर पूरक अभ्यासक्रमांसाठी २०२१ मध्ये स्वतंत्र केंद्रीय कायदा झाला आहे. "सहा महिन्यांत नर्स" अशा जाहिरातींमागे धावून गरीब घरातील मुली पैसे आणि वर्ष दोन्ही गमावतात, कारण परिषदेची नोंदणी नसेल तर परिचारिका म्हणून काम करता येत नाही.

फीच्या बाबतीत मुलींनी एक सवलत निश्चित विचारावी. २०२४-२५ पासून कुटुंबाचे वार्षिक उत्पन्न ८ लाख रुपयांपर्यंत असलेल्या आर्थिकदृष्ट्या दुर्बल, सामाजिक व शैक्षणिक मागास आणि इतर मागास प्रवर्गांतील मुलींना व्यावसायिक अभ्यासक्रमांत शिक्षण शुल्क पूर्ण माफ आहे. मात्र प्रवेश शासनाच्या केंद्रीभूत प्रक्रियेतून झालेला असावा लागतो, व्यवस्थापन कोट्यातून नव्हे. उत्पन्नाचा दाखला, अधिवास, नॉन-क्रिमीलेअर आणि जातवैधता यांना वेळ लागतो, त्यामुळे निकालाची वाट न पाहता बारावीच्या वर्षातच अर्ज करावेत.

मराठी माध्यमातून आलेल्या विद्यार्थ्यांनी निकाल आणि पहिला तास यांमधील आठवडे वाया घालवू नयेत. अकरावी-बारावीच्या जीवशास्त्रातील मानवी शरीराची प्रकरणे पुन्हा काढावीत, हृदय, मूत्रपिंड आणि श्वसनमार्ग यांच्या आकृत्या रोज हाताने काढाव्यात, प्रत्येक भागाचे इंग्रजी नाव शेजारी लिहावे आणि त्याचे काम मात्र आपल्या मराठीत घरच्या कोणाला तरी समजावून सांगावे.