गणपतीच्या खोलीला रंग काढायचा तो श्रावणात नव्हे, शिमग्याच्या सुमारास

कोकणात घराला रंग काढतात तो गणपतीच्या तोंडावर. चाकरमानी येणार, खोली उजळ दिसायला हवी. पण इथल्या भिंती जांभ्याच्या आणि जांभा सच्छिद्र दगड. श्रावणापर्यंत तो जोत्यापासून पाणी पिऊन बसलेला असतो. त्यावर प्लास्टिक इमल्शन मारलं की पाणी आत कोंडतं आणि दिवाळीपर्यंत फोड येऊन पापुद्रे सुटतात. मग दुकानदाराला शिव्या घालून उपयोग नाही, मुहूर्तच चुकलेला असतो.

फेब्रुवारी ते एप्रिल हा खरा काळ. आधी भिंत तपासा. दीड फूट चौरस प्लास्टिकचा तुकडा चारही कडांनी चिकटपट्टी लावून भिंतीवर घट्ट बसवा आणि एक दिवस तसाच ठेवा. आतून थेंब जमले तर ओल भिंतीतच आहे; थांबा, आणि गळकी पन्हळ किंवा जोत्याला टेकलेली माती शोधा. बाहेरून दव आलं असेल तर खोलीची हवा दमट आहे; खिडक्या उघड्या ठेवा.

जांभ्याच्या भिंतीला चुन्याची सफेदीच बरी, कारण तिच्यातून ओल बाहेर पडू शकते. जुना प्लास्टिक रंग पूर्ण खरवडा, त्यावर चुना धरत नाही. पांढरा लोणा आला असेल तर तो कोरड्या ब्रशने झाडून काढा. धुतलात तर क्षार विरघळून परत भिंतीत जातात आणि महिन्याभरात पुन्हा वर येतात.

१० बाय १२ च्या खोलीत दारं-खिडक्या वगळून साधारण ४०० चौरस फूट भिंत निघते. तीन हातांना १२ किलो कळीचा चुना लागेल. किलोला ५ लिटर पाणी घ्या. पिंपात आधी पाणी, मग चुना थोडा थोडा सोडा. तो उकळतो, म्हणून डोळ्यांवर चष्मा हवा आणि प्लास्टिकची बादली नको. २४ तासांनी फडक्यातून गाळा. पातळ ताकासारखा झाला पाहिजे.

भिंतीवर पाणी शिंपडा आणि पहिला हात द्या. ओला असताना भिंत जवळजवळ तशीच दिसते, नवशिका इथेच फसतो आणि आणखी चुना चढवतो. जाड थराला भेगा पडतात, हाताला पांढरं लागतं. वाळल्यावर तो आपोआप उजळतो. दोन हातांत एक दिवस जाऊ द्या. ऊन थेट येत असेल तर पडदा लावा, झटपट वाळलेला चुना भुकटी होतो. रंग हवा असेल तर शेवटच्या दोन हातांत पिवळी माती किंवा काव मिसळा, चुन्याच्या वजनाच्या दहाव्या हिश्शापेक्षा जास्त नको. खालचा तीन फुटांचा पट्टा कावेचा ठेवलात तर लादी पुसताना उडणारे शिंतोडे दिसत नाहीत.

गणपती बसतो त्यामागची भिंत मात्र पांढरीच सोडा, मूर्तीमागे भिंतीवर काढायचं चित्र त्यावरच खुलतं. वर माटवी, म्हणजे मूर्तीवरची फळापानांची टांगती चौकट, बांधायची तर आताच हूक बसवून घ्या. असोले नारळ, शहाळी, सुपारीची शिंपटं, आंब्याचे टाळे मिळून २० किलो सहज भरतात. हूक वाशात किंवा बहालात हवेत. स्लॅब असेल तर ८ मिलिमीटरचे अँकर फास्टनर. पीओपीच्या छताला अडकवलेली माटवी मूर्तीवर येऊ शकते.

कपाट भिंतीपासून तीन इंच पुढे आणि पायांवर चार इंच उचललेलं ठेवा, नाहीतर पावसाळ्यात मागे बुरशी. एमडीएफ, म्हणजे लाकडाचा भुसा दाबून केलेला बोर्ड, घेऊच नका, दमट हवेत कडा फुगतात. प्लायवूड आयएस ७१० चं (मरीन प्लाय), बिजागऱ्या ३०४ दर्जाच्या स्टेनलेस स्टीलच्या आणि किनाऱ्यालगतच्या घरात ३१६ च्या. खोली काळोखी असेल तर दिव्यांच्या माळा लावण्याआधी छपरावर एक-दोन काचेची कौलं बसवून बघा. बाजारात ती साध्या कौलांच्याच मापाची मिळतात, पण आपलं एक कौल नमुन्याला सोबत न्या.