मूळव्याध आहे असं ठरवण्याआधी: गुदद्वाराच्या कॅन्सरची तपासणी कशी करून घ्यावी

सोलापुरात कुठल्याही पेठेतून चाला, 'मूळव्याध-भगंदर, विनाऑपरेशन' अशी पाटी दिसतेच. यंत्रमागावर काम करणारे आमचे एक काका अशाच एका पाटीच्या भरवशावर आठ महिने मलम लावत राहिले. शेवटी एका सर्जननं बोट घालून तपासलं, तेव्हा कडक गाठ हाताला लागली. तपासायला मिनिटसुद्धा लागलं नाही. ते मिनिट आठ महिने आधी मिळालं असतं तर, हे मला अजून खातं.

संडासवाटे रक्त येणं बहुतेक वेळा मूळव्याधीचंच असतं, हे खरं. पण ते तपासून ठरवायचं असतं.

आधी आपला धोका ओळखा. गुदद्वाराच्या कॅन्सरपैकी सुमारे ९० टक्के एचपीव्ही या विषाणूमुळे होतात. गर्भाशयमुखाच्या कॅन्सरमागेही हाच विषाणू असतो. तो त्वचेच्या स्पर्शातून पसरतो, त्यामुळे निरोधनं धोका कमी होतो, पण संपत नाही. एचआयव्हीसह जगणारे पुरुष जर पुरुषांशी संबंध ठेवत असतील, तर त्यांनी वयाच्या ३५ पासून तपासणी सुरू करावी. एचआयव्हीसह जगणाऱ्या तृतीयपंथी स्त्रियांनाही हेच वय लागू. एचआयव्ही असलेल्या बाकी सगळ्या स्त्री-पुरुषांनी ४५ पासून. एचआयव्ही नसला तरी पुरुषांशी संबंध ठेवणाऱ्या पुरुषांनीही ४५ पासून. योनीच्या बाहेरच्या भागाचा कॅन्सर किंवा त्याची पूर्वावस्था झालेल्या बायकांनी निदानानंतर वर्षभराच्या आत, आणि किडनीसारखा अवयव बसवलेल्यांनी दहा वर्षांनंतर.

मग कुठे जायचं? एआरटीच्या, म्हणजे एचआयव्हीवरच्या गोळ्या घेत असाल, तर सिव्हिलमधल्या एआरटी केंद्रातल्या डॉक्टरांकडेच विषय काढा. नाहीतर केसपेपर काढून थेट सर्जरीची ओपीडी. दाराशी गर्दी असते, जीभ अडखळते, म्हणून वाक्य पाठ करून जा: "डॉक्टर, मला एचपीव्हीच्या कॅन्सरचा धोका जास्त आहे. एकदा बोटानं तपासून बघता का?" कारण विचारलं तर जे आहे ते सांगा. २०१७ च्या एचआयव्ही-एड्स कायद्यानुसार तुमच्या संमतीशिवाय तुमची एचआयव्हीची माहिती सहसा कुणाला देता येत नाही. १०९७ या मोफत हेल्पलाइनवर आधी बोलून मन हलकं करता येतं.

प्रत्यक्ष तपासणी. डाव्या कुशीवर, गुडघे पोटाशी घेऊन झोपायचं. डॉक्टर हातमोजा घालून, जेली लावून बोट आत फिरवतात. गाठ, कडकपणा, दुखरी जागा शोधतात. लांब श्वास सोडा, स्नायू आपोआप सैल पडतात. दुखलं तर लगेच सांगा.

सोय असेल तिथे पॅप (आतल्या पेशींची तपासणी) किंवा एचपीव्हीसाठी नमुनाही घेतात. त्याआधी २४ तास गुदमैथुन नको, एनिमा नको, मलमही नको. हा नमुना बोटाच्या तपासणीआधी घ्यावा लागतो, कारण जेलीनं तो बिघडतो. रिपोर्टमध्ये दोष दिसला, तर पुढची पायरी म्हणजे हाय रिझोल्यूशन अॅनोस्कोपी. यात भिंग लावून, व्हिनेगरसारखा पातळ द्राव टाकून आतली त्वचा बघतात आणि संशयाच्या जागेचा तुकडा काढतात. ही सोय मोजक्याच ठिकाणी आहे. ती जवळ नसली तरी बोटाची तपासणी आणि लक्षणांची चौकशी चुकवू नका.

एवढी खटपट कशाला, असं वाटेल. २०२२ साली प्रसिद्ध झालेल्या अमेरिकेतल्या अँकर अभ्यासात एचआयव्ही असलेले, ३५ च्या पुढचे ४,४०० हून अधिक लोक होते. पूर्वावस्थेवर ज्यांनी वेळीच उपचार घेतले, त्यांच्यात नुसत्या देखरेखीखाली असलेल्यांपेक्षा कॅन्सर ५७ टक्क्यांनी कमी झाला.

घरातल्या मुलांसाठी एचपीव्हीची लस. पुण्याच्या सीरम इन्स्टिट्यूटची सर्वाव्हॅक लस ९ ते २६ वयाच्या मुलींना आणि मुलांनाही देता येते. १४ पर्यंत दोन डोस, त्यानंतर तीन. एचआयव्ही असेल तर कुठल्याही वयात तीनच. आधी झालेला संसर्ग लसीनं जात नाही, म्हणून लवकर द्या. आणि विडी-सिगारेट सोडा. विड्या वळणाऱ्यांच्या या गावात हे सांगणं जड जातं, पण धुरानं हाही धोका वाढतो.

रक्त, खाज, गाठ किंवा बसताना दुखणं दोन-तीन आठवड्यांत थांबलं नाही, तर वय आणि धोका न मोजता दाखवा.

काकांना केमो आणि किरणोपचार एकत्र दिले. या कॅन्सरमध्ये बहुतेकदा पहिला उपचार तोच असतो, त्यामुळे पोटाला कायमची पिशवी लागेल ही भीती पुष्कळांच्या बाबतीत खरी ठरत नाही. काकांनाही लागली नाही. आता दर तीन महिन्यांनी ते तपासणीला जातात, मी सोबत असतो.