तीन तास चालणारं मशीन आणि पाऊण तासात उरकणारं: परदेशात कपडे धुताना या चुका टाळा

म्युनिकमधल्या पहिल्याच शनिवारी मी घरमालकीणबाईंना फोन लावला. "मशीन अडकलंय बहुतेक. दोन तास झाले, नुसतं गुरगुरतंय."
"आकडा काय दिसतोय?"
"एक तास चार मिनिटं."
"मग एक तास चार मिनिटांनी उघडा," त्या म्हणाल्या आणि फोन ठेवला.

पाच वर्षांनी आम्ही न्यू जर्सीत आलो, तर तिथे उलटी तऱ्हा. मशीन पाऊण तासात थांबलं आणि कपडे खरंच धुतले गेले की नुसते भिजले, याची मला खात्री वाटेना. दोन्हीकडे मी बऱ्याच चुका केल्या. त्यातल्या पहिल्या चुकीचं मूळ साधं होतं: पाणी कोण तापवतं, हे मला माहीत नव्हतं.

'हॉट' म्हणजे साठ अंश समजणं

युरोपातल्या मशीनला सहसा एकच नळी असते, गार पाण्याची. पाणी आतला हीटर तापवतो. घरातली वीज २३० व्होल्टची, त्यामुळे साधारण २,००० वॉटचा हीटर सहज चालतो. पंधरा लिटर पाणी दहा अंशांवरून साठवर न्यायला त्याला पंचवीस-सव्वीस मिनिटं लागतात. म्हणून तिथल्या बटणावर ३०, ४०, ६०, ९० असे चक्क अंशांचे आकडे असतात.

अमेरिकेत मशीनचा प्लग १२० व्होल्टचा. पंधरा अँपिअरच्या सर्किटमधून जास्तीत जास्त १,८०० वॉट मिळणार, त्यातच मोटर चालवायची. म्हणून तिथे दोन नळ्या असतात आणि गरम पाणी घराच्या तळघरातल्या टाकीतून येतं. ती टाकी बहुतेक ठिकाणी १२० फॅरनहाइटवर, म्हणजे ४९ अंशांवर ठेवलेली असते. तेव्हा हीटर नसलेल्या साध्या मशीनवर 'हॉट' दाबलं तरी साठ अंश मिळत नाहीत. शिवाय नळात साचलेलं गार पाणी आधी येतं, त्यामुळे ४९ सुद्धा मिळेलच असं नाही. उपाय सोपा आहे: मशीन सुरू करण्याआधी शेजारच्या सिंकचा गरम नळ चांगला वाफाळेपर्यंत सोडा. 'कोल्ड' लावूनही कपडे कोमट निघत असतील, तर मागच्या दोन नळ्या उलटसुलट जोडल्यात का ते बघा. आमच्याकडे तेच झालं होतं.

युरोपातला सापळा वेगळा. मार्च २०२१ पासूनच्या नव्या लेबलबरोबर तिथे 'इको ४०-६०' हा प्रोग्राम आला. नाव वाचून वाटतं, साठ अंशांवर धुतंय. तसं नाही. ४० आणि ६० अंशांचं लेबल असलेले सुती कपडे एकत्र धुता यावेत यासाठी तो आहे. पाणी कमी तापवायचं आणि वेळ जास्त घ्यायचा, यातून तो वीज वाचवतो. म्हणूनच तो तीन तास चालतो. घरात कुणाला जुलाब-उलट्या झाल्या असतील आणि चादरी खरंच साठवर धुवायच्या असतील, तर 'बाउमवोले' म्हणजे सुती हा प्रोग्राम घ्या आणि ६० स्वतः निवडा.

साबणाचं माप सोबत घेऊन फिरणं

"साबण कमी घाला" हा सल्ला व्हॉट्सॲपवर सगळीकडे फिरतो. न्यू जर्सीत तो आम्हाला चालला, म्युनिकमध्ये घातक ठरला.

म्युनिकचं पाणी जड. जर्मनीत काठिण्यही अंशांत मोजतात (तापमानाचे अंश नव्हेत); ते १४ च्या वर गेलं की पाणी 'हार्ट' म्हणजे कठीण धरतात, आणि म्युनिकचं त्याच्याही वर आहे. साबण कमी पडला की पाण्यातले क्षार हीटरवर आणि टॉवेलवर बसतात. मी वर्षभर काटकसर केली आणि टॉवेल पापडासारखे कडक झाले. खोक्याच्या मागे तक्ता असतो: पाणी मऊ, मध्यम की कठीण, कपडे किती मळलेले. आपल्या गावचं काठिण्य पाणीपुरवठ्याच्या संकेतस्थळावर सापडतं. तेवढं एकदा पाहून ठेवा. पावडर खणातल्या दोन नंबरच्या कप्प्यात घालायची. एक नंबर आधी भिजवण्याचा आणि फुलाचं चित्र असलेला सॉफ्टनरचा. माझी पावडर महिनाभर फुलात जात होती.

आणखी एक. 'फोल-वाशमिटल' पावडरीत ब्लीच असतं, 'कलर-वाशमिटल'मध्ये नसतं. पांढऱ्यासाठी पहिली, इरकलीसाठी दुसरी. उलट केलंत तर काय होतं, हे मी माझ्या निळ्या इरकलीवरून सांगू शकते.

अमेरिकेत बाटलीवर 'एचई' ही खूण बघा. कमी पाण्यावर चालणाऱ्या मशीनसाठी कमी फेसाचा साबण, असा तिचा अर्थ. झाकणभर ओतायचा मोह आवरा. झाकणाच्या आत रेघा असतात, त्यातली पहिली बहुतेक वेळा पुरते. कपड्यांना ओलसर कुबट वास येत असेल तर एकदा धुतलेले टॉवेल साबण न घालता गरम पाण्यात फिरवून बघा. फेस दिसला, तर तो मागच्या आठवड्यांचा साबण आहे. साबणाची गोळी मिळते ती आधी ड्रमच्या तळाशी ठेवायची, कपडे नंतर. वरून टाकली तर तिचं कातडं अर्धवट विरघळून कपड्याला चिकटतं, हिवाळ्यात जास्तच.

हळदीचा डाग ड्रायरमध्ये घालणं

वरणाचा डाग साबण लागला की लाल होतो, आणि घाबरून माणूस आणखी साबण चोळतो. हळदीत चुना घातला की कुंकू होतं, तोच हा प्रकार. साबण अल्कलीयुक्त, म्हणून रंग बदलतो. स्वच्छ पाण्यात विसळलं की पुन्हा पिवळा. हळदीवर खरा उतारा ऊन. धुऊन ओला कपडा उन्हात टाकला की एक-दोन दिवसांत डाग फिका पडतो.

म्युनिकमध्ये बाल्कनीत कठड्याच्या आत कपडे वाळत घालायचा घोडा मांडला की काम भागायचं. न्यू जर्सीतल्या आमच्या सोसायटीत बाल्कनीत टॉवेल दिसला तरी चिठ्ठी येते. म्हणून आता डाग पडलेला कपडा मी खिडकीच्या आत, ऊन येतं तिथे खुर्चीवर पसरते. डाग पूर्ण जाईपर्यंत तो ड्रायरमध्ये जात नाही, कारण उष्णतेने डाग पक्का बसतो.

ड्रायर सगळीकडे सारखाच, असं धरून चालणं

जर्मनीत ड्रायर असलाच तर हल्ली बहुधा हीट पंपाचा. तो मंद, कमी गरम, आणि कपड्यातलं पाणी डब्यात साठवतो. डबा रिकामा केला नाही की मध्येच थांबतो. 'बिघडला' असं वाटतं तेव्हा बरेचदा हा डबाच भरलेला असतो. अमेरिकेतला ड्रायर २४० व्होल्टवर किंवा गॅसवर चालतो आणि गरम हवा चार इंची पाइपातून घराबाहेर फेकतो. चाळीस मिनिटांत जीन्स कोरडी. त्याच चाळीस मिनिटांत हातमागाचा कुर्ता पुतण्याच्या मापाचा होतो.

जाळीवरची लव प्रत्येक वेळी काढा, दर आठवड्याला नव्हे. कपडे दोन फेऱ्यांनीही दमट राहत असतील तर मशीनला दोष देण्याआधी मागचा हवेचा पाइप सोडवून बघा. आमच्या पाइपातून उशीभर लव निघाली. ती पेट घेऊ शकते, म्हणून हे काम वर्षातून एकदा कराच.

माझं मत विचाराल तर मशीन युरोपचं आणि ड्रायर अमेरिकेचा. पण म्हणून म्युनिकचं मशीन कंटेनरमध्ये घालून आणू नका. २३० व्होल्ट, ५० हर्ट्झचं यंत्र इथल्या १२० व्होल्ट, ६० हर्ट्झच्या प्लगवर चालत नाही.

पाणी उपसलं जात नाही म्हणून मेकॅनिक बोलावणं

समोरून उघडणाऱ्या मशीनच्या खाली उजव्या कोपऱ्यात बहुधा छोटं झाकण असतं. आत गाळणी, जर्मनीत तिला 'फ्लूझनझीब' म्हणतात. मशीन बंद करा, प्लग काढा, खाली जुना टॉवेल आणि पसरट ताट ठेवा. गरम प्रोग्राम नुकताच संपला असेल तर थांबा, पाणी भाजतं. मग झाकण हळूहळू फिरवा. पाणी थेंबथेंब, मग धारेने येतं. ताट भरलं की झाकण परत आवळायचं, ओतायचं, पुन्हा सैल करायचं. आमच्या गाळणीतून पहिल्यांदा निघालं ते: दोन युरोची नाणी, एक केसांचा चाप, मंगळागौरीच्या साडीची एक टिकली आणि राखाडी चिखल.

नवीन मशीन पिळताना खोलीभर चालायला लागलं, तर मागचे बोल्ट काढायचे राहिलेत. वाहतुकीत ड्रम हलू नये म्हणून ते लावलेले असतात. काढून जपून ठेवा, घर बदलताना लागतात. दार उघडत नसेल तर दोन मिनिटं थांबा, ओढू नका. भारतात महिनाभर जाणार असाल तर मशीनचे नळ बंद करून जा. रबरी नळी फुटली तर बघायला घरात कुणी नसतं.

वरून उघडणाऱ्या अमेरिकन मशीनमध्ये मध्यभागी खांब असेल, तर साडी किंवा ओढणी तशीच टाकू नका. ती खांबाला वेढे घालते आणि सोडवताना काठ फाटतो. जाळीच्या पिशवीत घाला.

गोधडीचा प्रश्न मात्र कुठल्याच मशीनने सोडवला नाही. म्युनिकच्या सात किलोच्या ड्रममध्ये ती एका बाजूला गोळा झाली आणि मशीनने पिळायलाच नकार दिला. इथल्या मोठ्या ड्रममध्ये वरचा थर पाण्यावर तरंगत कोरडाच राहिला. आता दर मे महिन्यात बाथटबमध्ये कोमट पाणी सोडते, सलवार गुडघ्यापर्यंत दुमडते आणि तुडवते. पिळायला नवरा दुसरं टोक धरतो.